एक वीट उघडी

कासारवाडीत आमचं घर शोधायला नंबर लागत नसे. स्टेशनकडून आत या, तिसऱ्या गल्लीत वळा आणि कुणालाही विचारा, बिनगिलाव्याचं घर कुठलं. गॅसवाल्याला तेवढं पुरायचं, कुरिअरवाल्याला पुरायचं, मुलीच्या शाळेच्या व्हॅनवाल्यालाही पुरायचं. गल्लीतली बाकीची घरं नटलेली. कुणाचा रंग पिस्ता, कुणाचा गुलाबी, कुणी दर्शनी भिंतीला चकचकीत टाइल्स लावून एलिव्हेशन केलेलं. मधोमध आमचं. आतून गिलावा, रंग, फरशी सगळं नीटनेटकं, आणि बाहेरून चारी बाजूंनी उघड्या लाल विटा, सांध्यांतून ओघळून तिथंच वाळलेलं सिमेंट. लंकेची पार्वतीच म्हणा. मी ह्या घरात सून म्हणून आले त्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, बाहेरचा गिलावा कधी करणार? त्याला चोवीस वर्षं झाली.

माझा स्वभाव तिखट आहे, हे मीच आधी सांगून टाकते. त्यात माझं माहेर ताथवड्याचं. माझं लग्न झालं तेव्हा तिथं शेतीच होती, जमिनीला कुणी कुत्रं विचारत नव्हतं, आणि मुलाला कंपनीत पर्मनंट नोकरी आहे एवढ्यावर वडिलांनी मला इथं दिलं. पुढं तिथं कॉलेजं आली, टॉवर आले आणि माझ्या भावांनी जो बंगला बांधला त्याच्या नुसत्या बाहेरच्या भिंतींना तीन जातींचे दगड लावलेत. दर भाऊबीजेला धाकटा दारातच विचारायचा, ताई, वाळूची एक गाडी पाठवून देऊ का? चेष्टेनंच विचारायचा, पण मला ते झोंबायचं. ओवाळताना मी त्याच्या कपाळाला कुंकू जरा जोरातच लावायचे.

गिलावा अडला होता तो सासूबाईंपाशी. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा म्हणायचे, त्यांच्या लातूरकडची तशी पद्धत. आत्यांचं म्हणणं असं, की घर पुरं झालं की बांधणारा जातो. काहीतरी करायचं राहिलेलं असेपर्यंत त्या माणसाचं काम ह्या जगात शिल्लक असतं, म्हणून त्याला बोलावणं येत नाही. त्यांच्या वडिलांनी गावी दोन खणांचं घर बांधलं, शेवटच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा हात फिरवला, आणि तिसऱ्या दिवशी शेतात चालता चालता खाली बसले ते उठलेच नाहीत. तेव्हा आत्या अकरा वर्षांच्या. मी नवी नवरी होते तरी फटकन म्हणून गेले, की मग आपल्या गल्लीतले सगळे बाप्ये एव्हाना जायला पाहिजे होते. मामा पलीकडे जेवत होते, त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. आत्या हसल्या नाहीत. त्या दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढं मी तो विषय दर दिवाळीला काढायचे, आणि दर दिवाळीला आत्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. एका वर्षी तर मी शेडकार्डसुद्धा आणलं होतं. ते त्यांनी बंबात घातलं.

हे घर मामांनी खरोखर हातानं बांधलेलं. ते फौंड्रीत साच्यांच्या कामावर होते. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. सहा दिवस वाळूचे साचे ठोकायचे आणि सातव्या दिवशी इथं येऊन विटा लावायच्या, असं त्यांनी साडेतीन वर्षं केलं. गवंडीकाम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, लोकांच्या बांधकामांवर उभं राहून बघून बघून उचललेलं. विटा वाहायच्या आत्या. आत रस्ता नव्हता, गाडी गल्लीच्या तोंडाशी विटा ओतून जायची. तिथून चुंबळीवर आठ-आठ विटा रचून त्या आणायच्या, पोटात माझा नवरा असतानाही आणायच्या. हे मला मामांनीच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना शरम वाटत होती.

पाच-सहा वर्षांपूर्वी मामांना दम लागायला लागला. आधी वाटलं, वय झालं. मग डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, आयुष्यभराची धूळ आहे ही, आत बसलीय, आता निघायची नाही. काही वर्षं गोळ्या आणि पंप ह्यांवर निभावलं. गेल्या वर्षी घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. मामांना आडवं होता येईना. खाटेवर बसून, पुढ्यात दोन उशा घेऊन, त्यांवर कपाळ टेकवून ते दिवस काढायचे. ज्या माणसानं एवढ्या भिंती उभ्या केल्या त्याला संडासापर्यंतची दहा पावलं चालायला मधे विसाव्याला स्टूल ठेवावं लागे. मी त्यांचं सगळं केलं, आणि कधीकधी चिडचिड करत केलं, तेही लपवत नाही. पण मला तो माणूस फार आवडायचा. माझ्या वडिलांनी मला कधी माझ्या मनातलं विचारलं नाही, ह्यांनी विचारलं.

दिवाळी उलटून गेली होती. दुपारी मी त्यांना बशीत चहा ओतून देत होते, आत्या दळण आणायला गेल्या होत्या. मामांनी नळी नाकापासून जरा बाजूला केली आणि म्हणाले, "पोरी, बाहेरून गिलावा करून घे."

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. डोळ्यांपुढं रंगसुद्धा आला, फिकट बदामी. मग माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि बशी हातात तशीच राहिली. ते काय मागतायत ते मला कळलं.

मी रागावलेच. म्हटलं, मामा, असलं काही नसतं, तुम्ही स्वतः हसला होतात ना त्यावर. त्यांनी श्वास भरून घेतला, मग आणखी एकदा भरून घेतला.

"नसतंय ना? मग करायला तुला काय हरकत हाय?"

माझंच बोलणं माझ्या गळ्यात आलं. चोवीस वर्षं मी त्या समजुतीला खुळचट म्हणत आले, आणि आता त्यांनी तीच माझ्यापुढं ठेवली. मामांनी पुन्हा उशीवर कपाळ टेकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दमलो गं मी. तिला सांगू नगंस."

नवरा महाळुंग्याला एका कंपनीत आहे. त्याची बस संध्याकाळी पाचला येते. त्या दिवशी मी स्टॉपवरच जाऊन उभी राहिले आणि चालता चालता त्याला सगळं सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, त्यांना पाहिजे असेल तर करून टाक. दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर राहायला म्हणून त्यानं ओव्हरटाइम घ्यायला सुरुवात केली. वडिलांवर त्याचा जीव आहे हे मला माहीत आहे, म्हणून मी त्याला काही बोलले नाही. एरवी सोडलं नसतं.

गवंड्याचा नंबर माझ्याकडे कधीपासून होता. देवधर्माचं मला फारसं नाही. मांजर आडवं गेलं तरी मी तशीच पुढं जाते. पण तो नंबर लावायला चार दिवस माझा हात उचलला गेला नाही. ज्याच्यासाठी जन्मभर भांडले ते समोर आयतं आलं होतं आणि मला ते नको होतं.

शेवटी निमित्त भिंतीनंच दिलं. उघड्या विटा पावसाळाभर पाणी पितात. त्या ओलीनं आतल्या बाजूला लोणा फुटला होता. मामांच्या खाटेमागच्या भिंतीचा रंग पापुद्रे धरून सुटायचा आणि मिठासारखी पांढरी भुकटी अंथरुणावर पडायची. आत्या ती दिवसातून दहा वेळा झटकायच्या. घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी एकदा त्या भुकटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ह्यांना आता धुळीचा कणही चालायचा नाही, आणि बाहेरून गिलावा केल्याशिवाय हे थांबायचं नाही. आत्या तिथंच उभ्या होत्या. एकीकडे त्यांची भीती आणि दुसरीकडे त्याच माणसाचा श्वास. इकडे आड तिकडे विहीर. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मी गवंड्याला बोलावलं. बीडकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी आत्यांनी त्याला अमावास्या आहे म्हणून परत पाठवला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मामांचा आत्ताच डोळा लागलाय म्हणून. तिसऱ्यांदा तो वाळू घेऊनच आला, तर ह्या उंबऱ्यावर पाय पसरून बसल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी गवंड्याला चहा देऊन बाहेर बसवलं आणि त्यांच्याशेजारी टेकले. त्यांनी माझा हात धरला. ह्या बाईनं एवढ्या वर्षांत माझा हात कधी धरला नव्हता.

"खरं सांग. भिंतीला लोणा लागलाय म्हणूनच करायलीस ना?"

ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कधी जमलं नाही. त्या दिवशी जमलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघून हो म्हणाले. आत्यांनी थोडा वेळ वाळूच्या ढिगाकडे बघितलं. मग म्हणाल्या, करा, पण एक वीट उघडी राहील. एवढं एक सोडलं की घर पुरं होत नाही, त्यांच्या गावाकडे जाणती माणसं असंच करायची, त्यांच्या वडिलांनी ते केलं नाही म्हणून तसं झालं. मी दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मान हलवली. मनात म्हटलं, चला, ह्यांचं ह्यांना मिळालं, भिंत कोरडी होईल, आणि मामांना एका विटेचं काय कळणार आहे? माझी चूक झाली ती इथं.

वीट त्यांनी स्वतः निवडली. घराच्या मागच्या बाजूला, कपडे धुवायच्या दगडाच्या वर, त्यांच्या छातीच्या उंचीची. गवंड्यानं कारण विचारलं नाही. कानावरची पेन्सिल काढून त्या विटेभोवती चौकोन आखला आणि म्हणाला, आमच्याकडंबी ठिवत्यात मावशी.

काम नऊ दिवस चाललं. परांची बांधली, तारेच्या ब्रशनं विटा घासल्या, पाणी मारून भिजवल्या आणि मग एकेक भिंत झाकत आणली. मामांना आम्ही पुढच्या खोलीत हलवलं होतं. ते तिथं बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, माल घट्ट झालाय त्याचा, जरा पाणी घाल म्हणावं. मी जाऊन सांगितलं तर गवंडी चकित झाला, माल खरंच घट्ट होता. संध्याकाळी काम आटोपून तो मामांपाशी दोन मिनिटं बसायचा. त्या नऊ दिवसांत मामा दोन वेळा नीट जेवले, एकदा तर त्यांनी ठेचा मागितला. आत्या मला हळूच म्हणाल्या, बघ, तोंडावर कसा रंग आलाय. त्यांना वाटलं, जीव धरतायत. मला तो रंग बघवत नव्हता, कारण तो कशाचा होता ते मला माहीत होतं. सुट्टी जवळ आली की कामगारांच्या तोंडावर येतो तसा.

परांची उतरवली आणि मामा मला म्हणाले, मला घर दाखव. त्यांना उचलून बाहेर नेणं शक्य नव्हतं, मशीन होतं, म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ काढून आणला. दर्शनी भिंत, दोन्ही बाजू, खिडक्यांच्या कडा, सगळं सावकाश, स्थिर हातानं काढलं. करड्या ओल्या गिलाव्यावर सकाळचं ऊन पडलं होतं. खरंच देखणं दिसत होतं घर. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते दोन वेळा बघितलं. मग मोबाइल माझ्याकडे दिला.

"तीन भिंतींचं घर असतंय व्हय?"

मी म्हटलं, मागं काय बघायचंय, मोरी आहे नुसती. ते हात पुढं करून वाट बघत बसले. मी उठले आणि जाऊन मागची भिंत काढून आणली. ती वीट वगळून काढता आली असती, तेवढी अक्कल मला आहे. पण त्यांच्यापुढं दुसऱ्यांदा लबाडी करायचा धीर झाला नाही.

त्यांनी व्हिडिओ एकदाच बघितला. आत्या दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे मान वळवून म्हणाले, एक राहिली.

"राहू द्या," आत्या म्हणाल्या. "तेवढी माझी हाय."

मामांनी मोबाइल खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं, मी समोर बसून ते बघितलं. त्या दोघांना एकमेकांचं कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे दोघांपैकी कुणी कबूल करणार नव्हतं. मी चहाच्या निमित्तानं उठून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

त्यानंतर मामांनी गिलाव्याचं नाव काढलं नाही. जेवण पुन्हा सुटलं. पौषातल्या थंडीनं छाती आणखी भरली, आठ दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, फार तर पंधरा दिवस, महिना, करण्यासारखं आता काही नाही. घरी आणलं. एकेका श्वासासाठी त्यांचे खांदे वर जायचे, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि तो श्वास संपेपर्यंत पुढच्याची तयारी. दोन्ही बाजूंनी उशा लावून आम्ही त्यांना बसतं ठेवायचो. पाठीला जखम झाली होती. मी ती पुसताना एकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज नाही, काही नाही. आत्यांनी विचारलं, काय होतंय? ते म्हणाले, काही न्हाई. आणि त्यांच्याकडे बघत राहिले. त्या घोटभर पाणी द्यायला जरी खोलीत आल्या तरी त्यांची नजर आत्यांच्या मागं फिरायची. मागणं काही नव्हतं त्यात, गाऱ्हाणंही नव्हतं. नुसतं बघायचे. आत्या मग पाणी ठेवून लगेच बाहेर जायच्या.

एके दुपारी मी मागं कपडे वाळत घालत होते. आत्या घमेलं घेऊन आल्या. गोणीत उरलेल्या सिमेंटची ढेकळं त्यांनी फोडली होती, कणकेच्या चाळणीनं चाळली होती आणि वाळू घालून माल कालवला होता. थापी गवंडी घेऊन गेलेला, म्हणून दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातलं उलथनं. त्यांनी पदर खोचला आणि त्या विटेसमोर उभ्या राहिल्या.

मी हातातला ओला शर्ट तसाच टाकला. म्हटलं, आत्या, नका, असू द्या ती एक. हे मी म्हणत होते! माझं मलाच नवल वाटलं, पण मी त्यांचा दंड धरला होता, चांगला घट्ट धरला होता. म्हटलं, मी गवंड्याला फोन करते, तो बघेल, तुम्ही कशाला?

"दुसऱ्याच्या हातानं न्हाई," त्या म्हणाल्या. "लई दिवस धरून ठिवलं मी त्यांना. तू खोटं बोललीस ते मला त्याच दिवशी कळलं व्हतं."

मी दंड सोडला. त्यांनी तांब्यातलं पाणी तळहातावर घेऊन विटेवर मारलं, एकदा, दोनदा. वीट पाणी पीत गेली. मग ओला तळहात तिच्यावर तसाच ठेवून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. ही कुठल्या फेरीत आणली असेल कुणास ठाऊक, असं काहीतरी पुटपुटल्या. आणि उलथन्यानं माल उचलून त्यांनी तो चौकोन भरला, कडा बोटांनी दाबल्या, वरून हात फिरवून सारखा केला. काम ओबडधोबड झालं, गवंड्याचं आणि त्यांचं आजही वेगळं ओळखू येतं. तेवढ्या वेळात मला किती रडू आलं ते सांगत नाही. त्या रडल्या नाहीत.

हात न धुता त्या तशाच आत गेल्या. मी मागोमाग. मामा उशीवर कपाळ टेकून होते. आत्या खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

"झालं घर."

मामांनी मान वर केली. त्यांना बोलता येत नव्हतं, भुवयांनी विचारलं. आत्या म्हणाल्या, सगळं, एकबी न्हाई राहिली. मामांनी त्यांचा तो सिमेंटनं माखलेला हात दोन्ही हातांत घेतला. वाळलेले कण अंथरुणावर पडत होते. वर्षभर धुळीच्या कणाकणामागं लागलेल्या आत्यांनी ते झटकले नाहीत. मी दार लोटून बाहेर आले.

मामा पाचव्या दिवशी सकाळी गेले, बसल्या बसल्या. नवरा त्या दिवशी घरीच होता, त्याच्या खांद्यावर त्यांचं डोकं होतं. मी आजही ती समजूत मानत नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि पाचच्या जागी पंधरा दिवसही झाले असते. हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलेलं आहे.

नव्या गिलाव्याला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर तडकतो. आत्या त्या चौकोनावर दोन्ही वेळा तांब्याभर पाणी मारत होत्या. मामा गेले त्या सकाळीही, घर माणसांनी भरलेलं असताना, त्या उठल्या, तांब्या भरला आणि मागं गेल्या. बायका घाबरल्या, एकीला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मी सगळ्यांना दरडावून बसवलं आणि म्हटलं, करू द्या त्यांना.

माझे भाऊ आले. धाकटा दारात थांबला, वर बघितलं, आणि दुःखाच्या घरी काय बोलावं ते न सुचून म्हणाला, ताई, घर छान झालं गं. ह्या एका वाक्यासाठी मी चोवीस वर्षं जळले होते. ते ऐकून मला माझीच किळस आली. मी त्याला म्हटलं, चपला बाहेर काढ आणि आत ये.

तेरावा झाला, लातूरची माणसं परत गेली, मशीन नेलं, खाट भिंतीला उभी केली. घर अजून करडंच आहे. वर्ष झाल्यावर रंगाचं बघू म्हणून मीच सांगितलंय, आणि खरं तर आता मला रंग सुचतच नाही. आत्यांना घरात करमत नाही. कामं आटोपली की त्या मागं जाऊन धुण्याच्या दगडावर बसतात. परवा मी भांडी घेऊन तिथं गेले तर त्या आपल्या तळहाताकडे बघत होत्या. मला वाटलं, काही टोचलंय. विचारलं तर म्हणाल्या, तुला एवढं समजतं, मग एक सांग.

"निम्मं घर तर माझ्या डोक्यावरून आलं. ते पुरं झालं, मग मला गं कसं न्हाई आलं बोलावणं?"

मला कशाचंही उत्तर तोंडावर तयार असतं, सगळी गल्ली सांगेल. मी भांडी खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी दगडावर जागा करून बसले.